गूढबिढ काही नाही

चेर्वेतेरीहून परत आल्यावर घरच्या मंडळींना फोटो पाठवले. त्यावर दोन प्रकारची उत्तरं आली. पहिलं काकांचं: "अगं, रोमपर्यंत गेलात आणि स्मशान बघून आलात?" दुसरं बाकी सगळ्यांचं, थोड्याफार फरकाने एकच: "बाप रे, किती गूढ वाटतंय!"

काकांच्या प्रश्नाचा राग नाही आला. प्रश्न सरळ आहे, त्याला उत्तरही सरळ आहे, ते पुढे देतेच. डोकं फिरलं ते त्या 'गूढ' शब्दाने. कारण तिथेही तो दिवसभर आमच्या मागे लागला होता. माहितीपत्रकावर गूढ, पुस्तकांच्या दुकानात रहस्यमय, आणि एका गटाला घेऊन चाललेला गाइड तर दर दोन वाक्यांनी आवाज खाली आणून "कोणालाच माहीत नाही" म्हणत होता. तेव्हाच ठरवलं की घरी गेल्यावर यावर एकदा लिहायचंच.

आधी थोडक्यात ओळख. एट्रुस्कन म्हणजे रोम मोठं होण्याआधी मध्य इटलीत नांदलेले लोक. आजच्या तोस्काना प्रांताचं नाव त्यांच्यावरूनच पडलंय. इसवी सनापूर्वीच्या सातव्या-सहाव्या शतकांत ते ऐन भरात होते. रोमच्या सुरुवातीच्या राजांपैकी काही जण त्यांच्यातले होते असं रोमन लोक स्वतःच सांगत. मग रोम वाढलं आणि त्यांचं एकेक शहर गिळत गेलं. चेर्वेतेरी त्यातलंच एक, लॅटिनमध्ये काएरे. रोमपासून चाळीसेक किलोमीटर, समुद्राच्या बाजूला. गावाबाहेर बांदिताच्चा नावाचं पठार आहे आणि तिथे खडकात खोदलेली हजारो थडगी आहेत. २००४ साली युनेस्कोने तार्क्विनियाच्या थडग्यांबरोबर यांनाही जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. (बांदिताच्चा या नावाचा डाकूंशी संबंध नाही. इथली जमीन जाहीर पुकारा करून गावकऱ्यांना कसायला देत, त्या 'बांदो'वरून नाव पडलं. डाकू नंतर आले. त्यांच्याकडे येऊच.)

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं काही कळत नाही. गवताने झाकलेले मोठमोठे गोल उंचवटे, वर छत्रीसारखे पाइन वृक्ष. मग खाली लक्ष जातं. उंचवट्याचा खालचा गोल कठडा खडकातच कोरलेला आहे. आपण उभे आहोत तो रस्ताही खडकात कोरलेला, आणि त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. रस्त्याला गल्ल्या फुटतात, मधे छोटे चौक लागतात. पुढे एके ठिकाणी तर सरळ चाळच. एकाला एक लागून, एकाच रांगेत, एकाच मापाची दारं. म्हणजे मोठ्या लोकांचे वाडे आधी आणि मध्यमवर्गीयांच्या खोल्या नंतर. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं :-)

पायऱ्या उतरून आत गेलं की दोन-तीन खोल्या. मान वर करून बघा. छताला आढं आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत गेलेले वासे. सगळं दगडात. दगडाच्या छताला वासे कशाला हवेत? काही गरज नाही. घराला असतात म्हणून कोरले, इतकंच. (आपल्या भाजे-कार्ल्याच्या लेण्यांतही दगडी कमानीला लाकडी वाशांचा थाट आहे, तोच हा प्रकार.) दाराला चौकटी, खोल्यांच्या मधल्या भिंतीत खिडक्या. 'ढाली आणि खुर्च्यांचं थडगं' नावाचं एक आहे, त्यात तर पाठीला टेकायच्या, पाय ठेवायला चौरंग असलेल्या खुर्च्या खडकातूनच काढल्यात. इथला दगड तुफा, ज्वालामुखीच्या राखेचा. खोदताना मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो. म्हणून हे जमलं.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. या लोकांची राहती घरं लाकडाची आणि कच्च्या विटांची होती, ती मातीत गेली. घर कसं होतं, छप्पर कसं होतं, रात्री कशावर झोपत, हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः या थडग्यांवरून. आम्ही स्मशान बघायला गेलो नव्हतो, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गल्लीत फिरायला गेलो होतो. गल्लीत कोणी नव्हतं एवढंच.

आता 'गूढ'कडे वळू.

बांदिताच्चाचं सगळ्यात प्रसिद्ध थडगं म्हणजे 'उठावचित्रांचं थडगं'. १८४७च्या सुमारास सापडलं, काळ इसवी सनापूर्वी चौथं शतक. खोल पायऱ्या उतरायच्या आणि काचेतून बघायचं, आत सोडत नाहीत. आत एका कुटुंबाचे बिछाने आहेत, दगडाचेच, पण उशांसकट. आणि भिंतींवर, खांबांवर, गिलाव्यात उठवून रंगवलेलं अख्खं घर. भांडी, सुऱ्या, दोराचं वेटोळं, घडी करून ठेवलेलं कापडाचं पुस्तक. एक कुत्रा, एक हंस. मधल्या बिछान्याच्या बाजूला चपलांचा जोड, रात्री काढून ठेवतात तसा. मी त्या चपलांकडे किती वेळ बघत होते कोण जाणे, मागच्या बाईने शेवटी खाकरून दाखवलं.

या कुटुंबाचं नाव काय? 'कोणालाच माहीत नाही' काय? नाही हो! मातुना. लिहूनच ठेवलंय. लारिसचा मुलगा वेल मातुना याने हे थडगं करवलं, असं स्वच्छ कोरून ठेवलंय.

इथेच पहिलं गूढ संपतं. एट्रुस्कन लिपी 'न वाचलेली' आहे असं लोक सर्रास सांगतात. साफ खोटं. लिपी ग्रीकांकडून घेतलेली आहे आणि ती घडाघडा वाचता येते. आपली सिंधू लिपी वाचता येत नाही, ती गोष्ट वेगळी. इथे अडचण आहे ती भाषेची. भाषा आजूबाजूच्या लॅटिन-ग्रीकच्या कुळातली नाही, आणि शिल्लक राहिलेले हजारो लेख बहुतेक छोटे, थडग्यांवरचे. पण जे कळतं ते घरगुतीच आहे. 'क्लान' म्हणजे मुलगा, 'सेख' म्हणजे मुलगी, 'पुइया' म्हणजे बायको, 'आति' म्हणजे आई, 'आविल' म्हणजे वर्षं, 'सुथि' म्हणजे थडगं. 'आति नाक्ना' म्हणजे आजी. ज्या भाषेतला आजीला काय म्हणत तो शब्द आपल्याला माहीत आहे, तिला गूढ म्हणायला जीभ कशी रेटते?

दुसरं गूढ: हे आले कुठून? हिरोडोटसने लिहिलं की दुष्काळाला कंटाळून आशिया मायनरमधल्या लिडियातून आले. हॅलिकार्नेससच्या डायोनिसियसने लिहिलं की कुठून आले नाहीत, इथलेच आहेत. दोन हजार वर्षं यावर वाद झाले. २०२१ साली जुन्या सांगाड्यांच्या डीएनएचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एट्रुस्कन लोक शेजारच्या लॅटिन लोकांसारखेच निघाले, पूर्वेकडून नव्याने आल्याची खूण नाही. म्हणजे डायोनिसियस बरोबर होता. पण टीव्हीवर 'कुठून आले हे रहस्यमय लोक?' चालूच आहे. उत्तर मिळाल्यावर कार्यक्रम कसा चालणार?

मग खरंच काही माहीत नाही असं आहे की नाही? आहे, भरपूर आहे. या लेखातला माझा मुद्दाच तो आहे. जे माहीत नाही ते आपोआप नाहीसं झालेलं नाही. ते नाहीसं केलं गेलं, आणि कोणी केलं हे पुष्कळदा माहीत आहे.

रोमचा सम्राट क्लॉडियस याने एट्रुस्कन लोकांचा इतिहास वीस खंडांत लिहिला होता. त्याची पहिली बायको एट्रुस्कन वंशाची होती. त्या वीस खंडांचं पान शिल्लक नाही. कोणाला नकला करून ठेवाव्याशा वाटल्या नाहीत. ही एक तऱ्हा झाली, दुर्लक्षाची.

दुसरी तऱ्हा हौशी धनिकांची. एकोणिसाव्या शतकात इथे जे खोदलं गेलं ते मुख्यतः दिवाणखान्यात ठेवायच्या वस्तूंसाठी. मार्केस काम्पाना हे त्यातलं मोठं नाव. हा रोममधल्या पोपच्या गहाणपेढीचा प्रमुख होता. पेढीचाच पैसा वापरून त्याने प्रचंड संग्रह केला, त्यात सापडला आणि १८५८ साली त्याला शिक्षा झाली. संग्रहाचा मोठा भाग १८६१ साली फ्रान्सने विकत घेतला. चेर्वेतेरीची एक दांपत्य-शवपेटी म्हणूनच आज पॅरिसला लूव्हरमध्ये आहे. तिची जुळी बहीण १८८१ साली याच बांदिताच्चात शेकडो तुकड्यांत सापडली, ती रोमच्या व्हिला जूलिया संग्रहालयात आहे.

तिसरी तऱ्हा चोरांची. इटालियनमध्ये यांना खास शब्द आहे, तोंबारोली, थडगेचोर. लोखंडी सळई जमिनीत खुपसून पोकळी शोधायची, रात्रीत खड्डा पाडायचा, विकण्याजोगं काढायचं, बाकीचं तुडवून जायचं. १९५०च्या दशकात कार्लो लेरिची नावाच्या इंजिनिअरने जमिनीला भोक पाडून त्यातून कॅमेरा सोडायची युक्ती काढली आणि न खोदता थडगी तपासली. बहुतेक ठिकाणी चोर आधीच येऊन गेलेले होते.

आणि चोर कोणासाठी चोरत होते? १९७१ साली चेर्वेतेरीजवळच्या एका थडग्यातून एक मोठं ग्रीक मद्यपात्र निघालं. चित्रकार युफ्रोनिओस, त्याची सही आहे. झोप आणि मृत्यू या दोन देवता सार्पेडॉन या वीराचं प्रेत उचलून नेताहेत असं चित्र. १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते दहा लाख डॉलरना घेतलं. पात्र कुठून आलं, याला उत्तर असं दिलं गेलं की बैरुतच्या एका विक्रेत्याच्या घरात ते कित्येक वर्षं होतं. १९९५ साली जिनिव्हातल्या एका दलालाच्या गोदामावर छापा पडला. चोरीच्या वस्तूंचे, मातीने बरबटलेल्या अवस्थेतले हजारो फोटो मिळाले आणि असल्या कहाण्यांचं बिंग फुटायला लागलं. २००६ साली म्युझियमने करार केला आणि २००८ साली पात्र इटलीत परत आलं. आता ते चेर्वेतेरीच्याच छोट्या संग्रहालयात आहे. आम्ही बघितलं. सुंदरच आहे, वाद नाही.

पण त्याच्यासमोर उभं राहून मी एकच विचार करत होते. हे कोणाच्या उशाशी होतं? ते पुरुषाचं थडगं होतं की बाईचं? शेजारी आणखी काय होतं? भिंतीवर नाव होतं का? हे आता कधीही कळणार नाही. पात्र परत आलं, थडगं परत आलं नाही. 'संग्रहालयांनी वस्तू वाचवल्या' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की वाचवलं काय आणि घालवलं काय, याचा हिशोब कधी मांडलात? माणसाचं घर फोडून त्यातला चांदीचा तांब्या तेवढा जपून ठेवायचा आणि मग 'या घरात कोण राहत होतं ते मोठं गूढ आहे' म्हणायचं!

म्हणून तो शब्द मला खुपतो. 'गूढ' म्हटलं की दोष त्या मेलेल्या माणसांचा होतो, जणू त्यांनीच लपवून ठेवलं. ज्याने पुसलं तो नामानिराळा. चोर, दलाल, घेणारे श्रीमंत, डोळे मिटून पावती फाडणारे तज्ज्ञ, सगळे.

कोणी म्हणेल, अगं, त्या एका शब्दाने चार माणसं येतात, तिकिटं खपतात, देखभाल होते, बिघडलं कुठे? बिघडतं ते असं की माणसं येतात आणि न वाचता जातात. मी बघितलं ना. दाराशी खडकाचे छोटे खुंट उभे असतात. गोल खांबासारखा असला तर आत पुरुष, इवल्याशा घरासारखा असला तर आत बाई. आतल्या बिछान्यांचंही तसंच, पुरुषाचा पलंगासारखा आणि बाईचा घराच्या छपरासारखी त्रिकोणी टोकं असलेला. इतकं साधं आहे. दोन मिनिटांत शिकता येतं आणि मग प्रत्येक दारात 'इथे दोन बायका आणि एक बुवा' असं मोजत जाता येतं. त्या गटातलं कोणी मोजत नव्हतं. गूढ आहे म्हटल्यावर मोजायचं कशाला?

आणि हे फक्त इटलीत चालतं असं समजू नका. नाशिकची लेणी घ्या. भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे, सम्राटाची आई, स्वतःच्या नावाने दान सांगणारी. तिचा मुलगा स्वतःला गौतमीपुत्र म्हणवतो. क्षत्रप नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिचाही लेख तिथेच आहे. आणि आपण म्हणतो काय? पांडवलेणी! पांडवांनी एका रात्रीत खोदली! ज्यांनी खर्च केला, नाव कोरलं, त्यांना बाजूला सारून आपण पाच पाहुणे आणून बसवले. शाळेच्या सहलीत मीही हेच ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या.

आता शेवटचा मुद्दा. हा खास घरच्यांसाठी, आणि काका, रागावू नका.

एट्रुस्कन बाईला स्वतःचं नाव असे. रामथा, थाना, लार्थी. रोमन बाईला बहुधा घराण्याचंच नाव चिकटवलेलं, ज्यूलियांची मुलगी ज्यूलिया, कॉर्नेलियांची कॉर्नेलिया, बहिणी दोन असल्या तरी तेच. एट्रुस्कन लेखांत माणसाच्या बापाबरोबर पुष्कळदा आईचंही नाव येतं. जेवणाला बाई नवऱ्याशेजारी त्याच पलंगावर रेललेली असे. ती दांपत्य-शवपेटी तशीच आहे, दोघं हसताहेत, त्याचा हात तिच्या खांद्यावर. ग्रीक लेखकांना हे बघवलं नाही, त्यांनी या बायकांबद्दल नाही नाही ते लिहून ठेवलं.

आपल्या बाहेरच्या खोलीत जी वंशावळ लावली आहे, काकांनी दोन वर्षं खपून केलेली, ती मी परत आल्यावर पुन्हा नीट बघितली. नऊ पिढ्या. मूळ पुरुषापासून माझ्या चुलतभावाच्या मुलापर्यंत. एकही बाई नाही. काकांची मेहनत खरी आहे, त्यांनी गावोगाव पत्रं पाठवली, जुने कागद उकरले, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. त्यांना कागदच तसे मिळाले. पण माझी पणजी, जिने सात मुलं वाढवली आणि घर राखलं, ती त्या झाडावर नाही. तिला सगळे 'बाय' म्हणत. सासरचं नाव आत्याला अंधुक आठवतं. माहेरचं नाव कोणालाच माहीत नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं, ताट उचललं, तांदूळ डब्यात गेले. जुनं नाव त्याआधीच संपलं.

मातुनांच्या घरातल्या बाईच्या चपला मला माहीत आहेत आणि माझ्या पणजीचं नाव मला माहीत नाही. आणखी पन्नास वर्षांनी तिलाही कोणीतरी गूढ म्हणेल. ती गूढ नव्हती हो. आपण लिहून ठेवलं नाही.

अजून वेळ गेलेली नाही. पितृपक्षात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावं घेतात. म्हणजे ही नावं वर्षानुवर्षं आपल्याच घरात कोणीतरी मोठ्याने उच्चारत होतं. आजोबांची ती जुनी वही काकांकडे असेल, नसली तर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या नामावळीत काही निघतं का बघू. पणजीच्या माहेरचं कोणी हयात असेल तर त्यांना फोन करू. मी एक कोरा तक्ता केला आहे, प्रत्येक पुरुषाच्या शेजारी एक जागा आणि प्रत्येक मुलीलाही जागा, माहेरच्या-सासरच्या दोन्ही नावांसह. सध्या चौदा नावं भरली आहेत. बाकी रिकामं आहे.

मंडळी, तुम्हीही आपापल्या घरी विचारून बघा. आईच्या आईच्या आईचं माहेरचं नाव काय? माझ्या ओळखीतल्या सहा जणांना विचारलं, एकीला सांगता आलं.

काका, दिवाळीला येते आहे. वही शोधून ठेवाल ना?